नोंदणी विवाह: महिनाभराची नोटीस, पंधरा मिनिटांचं लग्न

लग्नाच्या सेवांवरचे अभिप्राय शोधले तर कार्यालय, केटरर, मेंदीवाली, ड्रोन उडवणारा फोटोग्राफर अशा सगळ्यांवर ढीगभर मजकूर मिळतो. मठ्ठ्यात आलं जास्त झालं होतं इथपर्यंत तक्रारी असतात. ज्या सेवेमुळे दोन माणसं कायद्याने नवरा-बायको होतात, तिच्याबद्दल मात्र फॉर्म कुठे मिळतो यापलीकडे कोणी फारसं लिहीत नाही. म्हणून हा अभिप्राय विशेष विवाह कायदा, १९५४ खाली सरकारी विवाह अधिकाऱ्यासमोर होणाऱ्या लग्नाचा, आणि तोही मुख्यतः महाराष्ट्रापुरता.

निकाल आधीच सांगून टाकतो. सेवा म्हणून ही कोरडी आहे, बसायला धड जागा नसते, आणि पहिल्या फेरीत कोणती कागदपत्रं लागतात ते पूर्ण सांगणारा माणूस भेटला तर नशीब समजायचं. पण तिची मूळ रचना विचारपूर्वक केलेली आहे. तुमचं वय काय, आधीचा जोडीदार हयात आहे का, तुम्ही आपणहून हे करताय का, हे प्रश्न वीस लाखांच्या सोहळ्यात कोणी विचारत नाही. इथे ते फॉर्मवर छापलेले असतात आणि खोटं उत्तर दिलं तर शिक्षा आहे. फी किरकोळ आहे. कार्यालयाबाहेर घुटमळणारे दलाल त्याच कामाचे हजारो मागतात आणि जे करून देतात त्यातलं बहुतेक आपण स्वतः करू शकतो.

सुरुवातीलाच खिडकी चुकते, म्हणून ते आधी. महाराष्ट्रात ‘लग्नाची नोंदणी’ या नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एक, विधिपूर्वक झालेल्या लग्नाची नोंद. ही १९९८ च्या राज्याच्या कायद्याखाली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या विभाग कार्यालयात होते. तिथे नमुना ‘ड’ भरायचा, त्यावर वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही, सोबत लग्नपत्रिका आणि फोटो. इथे लग्न लागत नाही. मांडवात लागलेल्या लग्नाचा कागद मिळतो. दुसरं काम विवाह अधिकाऱ्याचं. मुंबई, पुण्यात त्यांची स्वतंत्र कार्यालयं आहेत, इतर जिल्ह्यांत बहुधा एखादे दुय्यम निबंधकच हे काम पाहतात. इथे प्रत्यक्ष लग्न लागतं, आधी काहीही झालेलं नसताना.

हा फरक वकिली वाटतो, पण त्यावरच लग्नं अडकतात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जोडप्याचं लग्न मुळात झालंच नाही असं ठरवलं. दोघे हिंदू, हातात एका संस्थेचं प्रमाणपत्र, त्याच्या आधारे सरकारी नोंदणीही झालेली, पण विधी कोणताच केलेला नव्हता. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न विधीने लागतं, कागदाने नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हा ‘आधार कार्ड घेऊन या, संध्याकाळपर्यंत सर्टिफिकेट देतो’ असं कोणी म्हणालं तर पहिला प्रश्न हा: विधी कोण करणार, कुठे, आणि त्याचे फोटो निघणार का? एका दिवसात विधी होऊ शकतो, आळंदीला रोज होतातही. एका दिवसात विशेष विवाह कायद्याखालचं लग्न मात्र होऊच शकत नाही.

उलट बाजूचा घोळ याहून जास्त दिसतो. मांडवात सप्तपदीसकट सगळं पार पडतं आणि मग परदेशी व्हिसासाठी ‘पक्का’ कागद हवा म्हणून जोडपं विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देतं. तिथल्या घोषणापत्रात ‘मी सध्या अविवाहित आहे’ असं सही करून सांगावं लागतं, आणि ते तर खोटं असतं. शिवाय एकाच लग्नाच्या दोन तारखा होतात. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव चढवताना किंवा व्हिसाच्या मुलाखतीत पत्रिकेवरची तारीख एक आणि प्रमाणपत्रावरची दुसरी निघाली की खुलासे देत बसावं लागतं. विधी आधी झाला असेल तर दोन मार्ग आहेत: १९९८ च्या कायद्याखाली साधी नोंद, किंवा विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली ‘आधी झालेल्या विवाहाची नोंदणी’, ज्यात दोघांचीही वयं २१ पूर्ण लागतात आणि ३० दिवसांची नोटीस इथेही चुकत नाही. दोन्ही हवंच असेल तर क्रम असा ठेवा: आधी कार्यालय, नंतर मांडव. कायद्याची तारीख कार्यालयाची, वाढदिवस कोणता साजरा करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

पात्रतेच्या अटी चार ओळींत बसतात. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण; दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नको; संमती देण्याइतकी मानसिक क्षमता हवी; आणि प्रतिबंधित नातं नको. या शेवटच्या अटीत मराठी घरं ठेचकाळतात. मामेबहीण, आतेबहीण हे सगळे या कायद्याच्या प्रतिबंधित यादीत आहेत. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडच्या कितीतरी जातींत रीतीला धरून आहे आणि रूढी दाखवता आली तर हिंदू विवाह कायद्यात ते चालतं. विशेष विवाह कायद्यातही रूढीची सवलत आहे, पण तिथे सरकारने ती रूढी राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. त्यामुळे आतेमामे जोडप्यांनी या खिडकीशी न जाता मांडव आणि नमुना ‘ड’ हाच रस्ता धरावा.

घटस्फोटितांनी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत न्यावी, साधी झेरॉक्स चालत नाही. हुकूमनामा परस्पर संमतीचा नसेल तर अपिलाची ९० दिवसांची मुदत संपल्याशिवाय नोटीस देऊ नका. विधवा-विधुरांना आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला लागतो. परदेशी नागरिक असेल तर पासपोर्ट, व्हिसा आणि त्यांच्या दूतावासाचं अविवाहित असल्याचं पत्र. हे पत्र मिळवण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो, तेव्हा सुरुवात तिथून करा.

नोटीस कुठे द्यायची, तर दोघांपैकी किमान एक जण लगतचे ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतोय तिथे. पुण्यात नोकरी आणि आधारवर लातूरचा पत्ता अशी जोडपी इथे परत पाठवली जातात. उपाय सोपा आहे: नोंदणीकृत भाडेकरार, किंवा आधारचा पत्ता आधीच बदलून घेणं. नोटरीसमोर केलेला अकरा महिन्यांचा करार काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. वयासाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून नोटीस ऑनलाइनही भरता येते, पण तिथे नावाचा घोळ फार होतो. आधारवर ‘Y’ लावून लिहिलेलं नाव, दहावीच्या दाखल्यावर ‘I’ लावून, एकात वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्यात नाहीच, असं असेल तर नोटीस भरण्याआधी एकच लेखन ठरवा आणि त्याप्रमाणे कागद दुरुस्त करून घ्या. नोटिशीत जे नाव पडतं तेच पुढे प्रमाणपत्रावर येतं.

मुदतीचं गणित आधी करा आणि मगच हॉल ठरवा. नोटिशीला ३० दिवस पूर्ण झाल्यावर लग्न लागू शकतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत ते लागलं नाही तर नोटीस रद्द होते, सगळं पुन्हा पहिल्यापासून. १ नोव्हेंबरला नोटीस दिली तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंतची खिडकी मिळते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कार्यालय बंद, गोरज मुहूर्ताला तर कुलूपच. अधिकाऱ्याला जादा फी भरून वाजवी अंतरावरच्या ठिकाणी बोलावण्याची सोय कायद्यात आहे, पण प्रत्येक अधिकारी त्या दिवशी मोकळा असेलच असं नाही. हे नोटीस देतानाच विचारा. अक्षता वाटून झाल्यावर नव्हे.

आता या सेवेचा सगळ्यात वादग्रस्त भाग. तुमची नोटीस कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते. नोटीस-वही कोणीही विनामूल्य पाहू शकतो. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तीही तिथे लागते. पसंतीचं लग्न घरातून लपवून करणाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की बातमी गावात पोचायला वाट मोकळी आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडावं असा निकाल दिला, पण तो महाराष्ट्रातल्या कार्यालयांना बांधील नाही. इथे नोटीस लागतेच.

आक्षेप कोणीही घेऊ शकतो, पण फक्त वर सांगितलेल्या चार अटींपैकी एखादी मोडत असेल तरच. आई-वडिलांची संमती नाही, जात वेगळी आहे, धर्म वेगळा आहे, मुलाला नोकरी नाही, यातलं काहीही आक्षेप ठरत नाही. आक्षेप आलाच तर अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निकाल द्यायचा असतो, आणि तो विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. खोडसाळ आक्षेप घेणाऱ्याला खर्च बसवता येतो, पण कमाल हजार रुपये. १९५४ साली हजाराला वजन होतं, आज तेवढ्यात कोणी घाबरत नाही. ज्यांना घरून खरोखर धोका आहे त्यांनी नोटीस देण्याआधी पोलिसांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्हावार विशेष कक्ष उभारायला सांगितलं आहे, त्या निकालाचा अर्जात उल्लेख करा. या एका त्रुटीसाठी या सेवेचे गुण कापावेच लागतात. सज्ञान माणसांच्या लग्नाची जाहिरात सरकारने भिंतीवर लावण्याचं आज काही कारण उरलेलं नाही.

आणि तरीही तो महिना तुमच्या हातात आहेच. साखरपुडा ते लग्न या काळात एरवी जोडप्याची सगळी शक्ती शालू, रुखवत आणि पाहुण्यांच्या यादीत जाते. कॅथलिक चर्चमध्ये लग्नाआधी जोडप्याला विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गाला बसावं लागतं. सरकारी कार्यालय नुसताच वेळ देतं, वर्ग घेत नाही. गोव्याची नागरी संहिता याहून पुढे जाते. तिथे नागरी निबंधकासमोर आधी लग्नाचा इरादा नोंदवायचा आणि मिळकतीची व्यवस्था कोणती हवी ते लग्नाआधीच करार करून ठरवायचं. काही ठरवलं नाही तर दोघांची मिळकत एक होऊन निम्मी-निम्मी मानली जाते आणि लग्नानंतर ती व्यवस्था बदलता येत नाही. स्थावर विकायचं तर दोघांची सही. म्हणजे गोव्यातल्या जोडप्याला पैशाबद्दल बोलल्याशिवाय बोहल्यावर चढताच येत नाही म्हणा ना. आपल्याकडे हा विषय काढणारा ‘व्यवहारी’ ठरतो, आणि मग पाच वर्षांनी तोच विषय वकिलाच्या टेबलावर निघतो.

त्या महिन्यात काय उरकायचं, ते सविस्तर लिहितो, कारण मजकूर इथेच आहे.

आंतरधर्मीय जोडप्यांनी सगळ्यात आधी वारसा समजून घ्यावा. दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर विशेष विवाह कायद्याने लग्न करूनही वारशाचा नेहमीचाच कायदा लागू राहतो. १९७६ च्या दुरुस्तीने ही सोय केली. पण एक हिंदू आणि दुसरा मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी असेल तर दोघांच्याही मिळकतीला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो, आणि हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं मानलं जातं. त्याचा हिस्सा बुडत नाही, एकत्रपणा संपतो. खरा फरक आईच्या वाट्याला येतो. हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर एरवी त्याच्या आईला पत्नी-मुलांच्या बरोबरीने वाटा मिळतो. १९२५ च्या कायद्यात मुलं असतील तर जोडीदाराला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश, आणि आई-वडिलांना काहीही नाही. मुलावर अवलंबून असलेल्या विधवा आईच्या घरात ही माहिती लग्नाआधी हवी. इलाज मृत्युपत्र. मसुदा नोटिशीच्या महिन्यात करा, सही मात्र लग्नानंतर करा, कारण ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीचं आधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द ठरतं. दोन साक्षीदार घ्या, मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळत नाही असे. नोंदणी सक्तीची नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे बहुतेकांना अजून पटत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की नॉमिनेशनने वारसांचा हक्क जात नाही. नॉमिनी पैसे हातात घेणारा, वाटणी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने. पीएफचं लग्नाआधी भरलेलं नॉमिनेशन लग्नानंतर तपासून नव्याने भरा, ते लोक हमखास विसरतात. मुदतीचा विमा नव्याने काढत असाल तर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली काढता येतो. मग ती रक्कम बायको-मुलांसाठी राखीव, नवऱ्याच्या धनकोंना तिच्यावर हात टाकता येत नाही. पण हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो, नंतर जोडता येत नाही. त्यामुळे लग्नाच्या आदल्या महिन्यात घाईने पॉलिसी उरकण्यापेक्षा लग्न झाल्यावर घेतलेली बरी.

घरकर्जाचा एक सापळा आहे. दोघांचा पगार धरला तर कर्ज जास्त मिळतं म्हणून बायकोला सहकर्जदार करतात, पण खरेदीखतात नाव एकट्या नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं. हप्ता चुकला तर बँक तिलाही धरणार, घरावर मात्र तिचा हक्क सिद्ध करायला तिला धावावं लागणार. सहकर्जदार तो सहमालक, हे बुकिंगच्या आधी कागदावर आणा.

रोजच्या खर्चासाठी निम्मे-निम्मे हा मोह टाळा. एकाला साठ हजार आणि दुसऱ्याला चाळीस मिळत असतील आणि घरखर्च चाळीस हजार असेल, तर वीस-वीस घातल्यावर एकाचा निम्मा पगार जातो आणि दुसऱ्याचा एक तृतीयांश. पगाराच्या प्रमाणात चोवीस आणि सोळा एका संयुक्त खात्यात टाका, उरलेलं ज्याच्या-त्याच्या खात्यात, त्याचा हिशोब विचारायचा नाही. संयुक्त खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, म्हणजे कोणाही एकाच्या सहीने चालणारं आहे की दोघांच्या सहीचं, हे फॉर्मवर स्वतः पाहा. दोघांच्या सहीचं निघालं तर एक जण दवाखान्यात असताना दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. जो घरी राहून मुलं किंवा म्हातारी माणसं सांभाळणार आहे त्याच्या नावावर दरमहा काय जमा होणार, हेही आताच बोला. ‘आपलंच आहे सगळं’ हे उत्तर नाही.

दागिन्यांची यादी करा. हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या दोन वेगळ्या याद्या करायच्याच असतात: वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, कोणी दिली, नातं काय, आणि खाली वधूवर दोघांच्या सह्या. कार्यालयात आहेराची वही लिहिणारा माणूस नेमण्याची आपली जुनी पद्धत आहेच; त्याच वहीत दोन रकाने वाढवले की काम झालं. स्त्रीधन बाईचं, ते सासूबाईंच्या लॉकरमध्ये असलं तरी. पण वाद झाला तर वजन आणि पावती विचारली जाते, आठवण नाही.

नावाचं काय, हेही ठरवा. बायकोने नाव किंवा आडनाव बदलावं अशी कायद्यात कुठेही सक्ती नाही, पासपोर्टसाठीही नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिण्याची हौस करायची तर जरूर करा, पण पॅन, आधार, बँक आणि पासपोर्ट यातलं एक बदललं की सगळी बदलावी लागतात, आणि अर्धवट सोडलेली नावं पुढे सगळ्यात जास्त त्रास देतात. एक तर सगळीकडे बदला, नाही तर कुठेच नको.

बाकीचे विषय कायद्याचे नाहीत पण भांडणं तिथेच होतात. गौरी-गणपतीला कोणाकडे, दिवाळसणानंतरच्या दिवाळीला कोणाकडे, दोन्हीकडच्या आई-वडिलांना पुढे कोण पाहणार, मूल हवं का आणि कधी, आंतरधर्मीय घरात मुलाचं नाव आणि संस्कार कोणते, स्वयंपाक आणि भांडी कोणाची. एका संध्याकाळी एकच विषय घ्या, बोलून झाल्यावर चार ओळी लिहा. ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ असं ज्या विषयाला उत्तर येतं त्याच्यासमोर खूण करा आणि नोटिशीचा महिना संपण्याआधी त्यावर परत या.

लग्नाच्या दिवसाबद्दल फार लिहायला नको. तीन सज्ञान साक्षीदार लागतात, प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हवं, मोबाइलमधला फोटो चालत नाही. चौथा राखीव साक्षीदार बरोबर न्याच. तिसरा ट्रॅफिकमध्ये अडकल्याने दिवस पुढे गेलेली लग्नं कमी नाहीत. साक्षीदार म्हणून पुढे पंधरा-वीस वर्षं संपर्कात राहतील अशी माणसं निवडा, रस्त्यावरून धरून आणलेली किंवा दलालाने पुरवलेली नकोत. आधी घोषणापत्रावर सह्या होतात. मग दोघांनी अधिकारी आणि साक्षीदारांसमोर एक वाक्य म्हणायचं असतं: मी अमुक, तुला अमुकला माझी कायदेशीर पत्नी, किंवा माझा कायदेशीर पती, म्हणून स्वीकारतो किंवा स्वीकारते. हे वाक्य म्हटल्याशिवाय लग्न पुरं होत नाही आणि ते दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत म्हणता येतं. घाईच्या कार्यालयात नुसत्या सह्या घेऊन पुढच्याला हाक मारतात. तुम्ही थांबा आणि वाक्य मोठ्याने म्हणा. साहेबांना सांगायला लाजू नका.

लग्न कोणत्याही पद्धतीने लावायला कायद्याची हरकत नाही, ते एक वाक्य त्यात असलं म्हणजे झालं. त्यामुळे वेळ मागून घेतला तर आपल्या शब्दांतल्या प्रतिज्ञा जोडता येतात. मराठीत याचा वारसा जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी भटजीशिवायची लग्नं सुरू केली. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांबद्दल वचन मागते आणि वर ते देतो. ज्यांना मंत्र हवेत पण अर्थासह, त्यांच्यासाठी पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने मराठीत अर्थ सांगत लग्न लावणारे स्त्री-पुरुष पुरोहित आहेत. सकाळी विवाह अधिकारी, दुपारी असा छोटा विधी आणि पन्नास माणसांचं जेवण, ही जोडणी आमच्या मते सध्या सगळ्यात समंजस आहे. मोठा हॉल घ्यायचाच असेल तर तो स्वागतसमारंभासाठी घ्या, तारखेचा ताण त्यात नसतो.

फोटोग्राफरला सांगून ठेवा की आत जागा लहान असते आणि काही ठिकाणी कॅमेऱ्याला परवानगी लागते. हार चालतात, अक्षता बाहेर.

ही सेवा कोणासाठी आहे? भिन्न धर्मांच्या जोडप्यांना धर्म न बदलता लग्न करायचं असेल तर बहुतेकांसाठी हाच मुख्य रस्ता आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी मुलामुलींना भारतीय दूतावासात परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली साधारण याच धर्तीवर लग्न करता येतं, जोडप्यातला एक भारतीय नागरिक असला की. आंतरजातीय जोडप्यांपैकी एक अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल तर राज्य सरकारच्या योजनेतून ५०,००० रुपये मिळतात; समाजकल्याण कार्यालयात अर्ज करताना हेच प्रमाणपत्र जोडायचं. आणि ज्यांना आठवड्याभरात लग्न उरकायचंय त्यांच्यासाठी ही सेवा नाही. वर्ष पुरं होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जही, अपवाद वगळता, करता येत नाही, हे सही करण्याआधी वाचून घ्या.

प्रमाणपत्र बहुधा त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत हाती येतं. विवाह अधिकाऱ्याच्या वहीत सही करण्याआधी नावं, जन्मतारखा, पत्ते आणि साक्षीदारांची नावं बोट ठेवून वाचा. सहीनंतरची दुरुस्ती म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि फेऱ्या. प्रमाणित प्रती तीन-चार घेऊन ठेवा, फी नाममात्र आहे. परदेशात वापरायचं असेल तर आधी राज्याचं साक्षांकन आणि मग, बऱ्याच देशांसाठी, परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का लागतो, आणि ते शिक्के मूळ कागदावर बसतात. म्हणून प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने कितीही आग्रह केला तरी प्लॅस्टिकच्या पाकिटातच ठेवा.